कऱ्यातला गुलछबू

चैत्र उतरणीला लागला की मी ओसरीवर तरट पसरते आणि कंद निवडायला बसते. गुडघे कुरकुरतात, कंबर कुरकुरते, सूनबाईही कुरकुरते. मी कुणाचं ऐकत नाही. फाल्गुनात उकरून काढलेले गुलछबूचे कंद तोवर सावलीत चांगले सुकलेले असतात. हातात घेऊन चोळले की वरची साल सुटते, मुळ्यांच्या मिशा गळून पडतात आणि मागच्या सालची माती बोटांना लागते. शहाणी माणसं आता या फुलाला निशिगंध म्हणतात. म्हणोत बापडी. आमच्या मळ्यात तो गुलछबू होता, आणि बीडच्या कचेरीतल्या पेशकारसाहेबांच्या बेगमेच्या तोंडी गुलशब्बो. नाव काही घ्या, भादव्यात दिवस कलला की वास तोच.

परवा अशीच बसले होते तर शेजारची सुमन आली. नवं लग्न झालेली पोर. दारात उभी राहून म्हणाली, "आजी, दोन कंद द्या ना मला. तेलाचा डबा रिकामा झालाय, त्यात लावते."

"देत नाही," मी म्हटलं.

पोरीचं तोंड एवढंसं झालं. मग माझं मलाच वाईट वाटलं. "अगं, देत नाही म्हणजे हातानं देत नसतात. मी भिंतीकडं तोंड करून बसते. तुला हवे तेवढे उचल आणि चालती हो. घेते म्हणू नको, येते म्हणू नको. आणि उपकार मानलेस तर माझ्याशी गाठ आहे."

ती हसायला लागली. "आणि फुलला तर?"

"फुलला तर तुझ्या घरी फुलला. मी विचारायची नाही."

कंद पदरात टाकून ती गेली, आणि जाताना सवयीनं "येते हं आजी" म्हणालीच. म्हातारीला खूळ लागलंय, असं नवऱ्याला सांगितलंही असेल. सांगू दे. पण हे खूळ माझं एकटीचं नाही. ते आमच्या मळ्याचं आहे. आणि त्या खुळाचा अर्थ लागेपर्यंत माझं सगळं लहानपण रागात गेलं, ते त्या पोरीला कुठून ठाऊक असणार!

लिहायला मी फार उशिरा शिकले, नातीच्या पाटीवर, तिच्या बरोबरीनं. त्यामुळे अक्षर वेडंवाकडं आणि बोलणंही तसंच. जसं आठवेल तसं सांगते.

आमचा मळा लिंबागणेशच्या अलीकडं, ओढ्याच्या काठाला. राज्य निजामाचं. पण राज्य म्हणजे काय, हे मला तेव्हा एवढंच ठाऊक होतं की बीडहून लाल फेट्याचा शिपाई आला की चुलते घोंगडी झटकून टाकायचे आणि चुलती चुलीवर दूध ठेवायची. मळ्याला एक विहीर होती, एक मोट, कडेनं शेवग्याची झाडं आणि मधे फुलांचे वाफे. पहाटे खुडलेली फुलं ओल्या फडक्यात बांधून एक पाटी लिंबागणेशला गणपतीकडं जायची आणि एक बीडला दर्ग्यावर. पाट्या भरताना चुलती फुलं निवडायची नाही. हाताला येतील ती, दोन्हीकडं सारखी.

ही चुलती म्हणजे माझ्या बापाच्या थोरल्या भावाची बायको. मी तिला मोठी माय म्हणायची. हाडापेरानं मोठी, आवाजानं त्याहून मोठी. तिला मूलबाळ नव्हतं. कुणी तिच्यासमोर तो विषय काढत नसे आणि ती कुणाच्या बारशाला जात नसे. माझी स्वतःची माय, गिरजा, ही घरातली धाकटी सून. बारीक अंगाची, बोलायची कमी. मोठ्या मायला ती अक्का म्हणायची. दोघी जावा दिवसभर एका वाफ्यात ओणव्या असत आणि त्यांच्या बोलण्यातलं मला फक्त मोठ्या मायचंच ऐकू येई.

गुलछबूची रीत मोठ्या मायनं तिच्या सासूकडून घेतलेली. फूल विकायचं, कंद विकायचा नाही. कंद हातानं द्यायचाही नाही. कुणी बाई मागायला आली की देणारीनं पाठ करायची, घेणारीनं उचलायचा. घेणारीनं उचललाय हे कानांनी कळेपर्यंत देणारीनं जागचं हलायचं नाही, आणि वळून तर मुळीच बघायचं नाही. बघितलं की नजर कंदाला मागं ओढते, मग तो तिकडच्या मातीत जीव धरत नाही. आणि पुढं ती बाई कधी भेटली तरी कंद फुलला का, असं विचारायचं नाही. विचारलं म्हणजे परत मागितलं. मग घेणारीनं तो उकरून आणून द्यायचा, त्यात वाद नाही.

पाठ करून उभं राहणं मोठ्या मायला जड जायचं, कारण गप्प राहणं तिच्या रक्तात नव्हतं. म्हणून ती तेवढ्या वेळात म्हशीला शिव्या द्यायची. "मेले, पेंड खाती अन् शेपूट हालवती, दूध कुठं ग्येलं तुजं?" मागून मातीत हात घातल्याचा खसखस आवाज आला, पावलं लांब गेली, की शिव्या आपोआप थांबायच्या. एकदा बीडच्या बाजारात तिला लिंबागणेशची एक बाई भेटली, आदल्या साली कंद नेलेली. मोठ्या मायनं तिला म्हैस व्याली का विचारलं, लेक नांदायला गेली का विचारलं, सासऱ्याच्या दम्याचं विचारलं, भिंतीला पोतेरं दिलं का तेसुद्धा विचारलं. कंदाचं विचारलं नाही. परत येताना वाटभर ती चुळबुळत होती. शेवटी मला म्हणाली, "कौसे, तिच्या पदराला वास येत हुता का गं?" मी म्हटलं, येत होता. तेव्हा कुठं तिचा जीव खाली पडला.

आता ज्या हंगामाचं सांगायला बसले, तो सांगते.

माझा बाप त्या साली थंडीत तापानं गेला. मोट हाकता हाकता बसला तो उठलाच नाही म्हणतात. मला त्याची आठवण म्हणजे चामड्याचा आणि ओल्या नाड्याचा वास, एवढीच. माय तेव्हा अशी काय वयाची होती? आज माझ्या नातीची मैत्रीण म्हणून शोभली असती. माघात आष्टीकडून माझा मामा आला. ओसरीवर बसून चुलत्यांशी हळू बोलत राहिला. मी भाकरी घेऊन गेले तर दोघंही गप्प झाले.

आमच्यात बाईला दुसरं घर करता येतं. त्याला पाट लावणं म्हणतात. पण पाटाला लग्नाचा मान नसतो. दिवस मावळल्यावर लावायचा, सवाष्णींनी बघायचा नाही, वाजंत्री नाही, मांडव नाही. आणि जाणाऱ्या बाईनं पहिल्या घरचं काही न्यायचं नाही. अंगावरचं, भांडीकुंडी, सगळं ठेवून जायचं. लेकरूसुद्धा. लेकरू बापाच्या घराचं. आष्टीकडं एक बिजवर मामानं बघितला होता, कोरडवाहू शेती, बैलजोडी बरी. मायला कुणी विचारलं का, मला ठाऊक नाही. विचारायची पद्धत नव्हती, एवढं ठाऊक आहे.

हे सगळं मला कुणी सांगितलं नाही. पण लेकरांना वास येतो. फाल्गुनात कंद उकरायला आम्ही बसलो तेव्हा माय माझ्याशी एरवीपेक्षा जास्त बोलायला लागली, त्यावरूनच मला भीती वाटली. गड्डा उपटून ती माती झटकायची आणि मला दाखवायची. "ह्यो बघ, मदला थोरला. ह्यो फुलून बसला. आता पुन्ना न्हाई फुलायचा. आन् ही भोवतीची त्येची पिल्लं. सुपारीयेवढं पिल्लू आसलं तर त्येच साली फुलतं. त्याहून बारकं आसलं तर साल-दोन साल कळ काढावी लागती."

"मग थोरल्याला कशापायी ठिवायचं?"

"न्हाई ठिवत. पिल्लं सुटी केल्यावर थोरला मातीत जातो."

मी एक हरभऱ्यापेक्षा थोडं मोठं पिल्लू उचललं. थोरल्या कंदाला ते घट्ट चिकटलेलं. मी ओढायला लागले तर मायनं माझा हात धरला. "ओढू नगंस. बुडाला इजा हुती. असं आंगठ्यानं दाबायचं, आपणहून सुटतंय." तिनं दाबलं आणि ते खरंच सुटलं, कड्कन बारीक आवाज करून. तिनं ते पिल्लू माझ्या मुठीत ठेवलं. "ह्ये तुजं," म्हणाली.

आज ओसरीवर बसून मी तेच करते, अंगठ्यानं दाबून पिल्लं सुटी करते. तो आवाज ऐकला की अजून ते पिल्लू मी क्षणभर मुठीत धरून ठेवते. इतकी वर्षं झाली, पण खोटं कशाला सांगू.

मग आखिती आली. अक्षय तृतीयेला आम्ही आखिती म्हणतो. घरातून गेलेल्या माणसाच्या नावानं त्या दिवशी मातीच्या कऱ्यात थंड पाणी भरून ठेवतात. करा म्हणजे लहानसं तांबडं मडकं. त्याच्या तोंडावर आंबा ठेवायचा, नैवेद्य दाखवायचा, आणि गेलेल्यानं उन्हाळ्यात पाणी प्यावं म्हणून हात जोडायचे. त्या साली आमच्या घरात पहिल्यांदाच माझ्या बापाच्या नावाचा करा भरला. चुलत्यांनी हात जोडले आणि घोंगडीत तोंड घालून पडून राहिले.

कंद लावायचा मुहूर्तही आखितीचाच. वाफ्यातली लावण मोठ्या मायनं केली. वाफ्यात जागा उरली नाही की फुटके माठ, रांजणाची बुडं, बेगमेच्या घरून आलेले घासलेटचे डबे, सगळं ओळीनं मांडायचं. तळाला खापरीचा तुकडा, त्यावर ओढ्यातली वाळू, मग शेणखत कालवलेली माती आणि मूठभर राख. कंदाचं टोक वर, बूड खाली, बोटाच्या दोन पेरांइतका खोल. मी माझं पिल्लू घेऊन मायच्या मागं मागं फिरत होते. तिनं ते वाफ्यात लावलं नाही, डब्यातही नाही. ती घरात गेली आणि बापाच्या नावाचा करा घेऊन आली. पाणी तुळशीला घातलं. मग करा पालथा घालून विळ्याच्या टोकानं त्याच्या बुडाला टोकरायला लागली.

मोठी माय हबकलीच. "आगं गिरजे, पितराच्या कऱ्याला भोक पाडतीस? याड लागलं का काय?"

"त्येंचाच हाय न्हवं करा?" माय मान वर न करता म्हणाली. "त्येंच्या लेकीला दिला."

 मोठ्या मायनं राखेची पाटी पुढं सरकवली.

आणि इथं माझी समजूत चुकली. मी मळ्यातली पोर. मळ्यात मी एक गोष्ट जन्मापासून बघत आले होते, की वाफ्यात लावलेलं जागचं हलत नाही. डब्यात, माठात लावलेलं उचलून नेतात. ईदेला पेशकारसाहेबांच्या ओसरीवर शोभेला चार माठ जायचे आणि परत यायचे. घरातली पोर नांदायला निघाली की तिच्याबरोबर एक डबा जायचा. माझं पिल्लू मायनं वाफ्यात लावलं नव्हतं, कऱ्यात लावलं होतं. म्हणजे ते जाणार होतं. ते माझं होतं, म्हणजे मीही जाणार होते. एवढं सोपं गणित मोठ्यांना कळत नाही आणि ते उगाच माझ्यापासून लपवतात, याचं मला हसू यायचं. मी कऱ्याला रोज ओंजळभर पाणी घालत होते आणि आतून निर्धास्त होते. कुणाला म्हणून सांगितलं नाही.

मामा गाडी जुंपून आला, ती सकाळ. मायनं मामानं आणलेलं कोरं हिरवं लुगडं नेसलं होतं. तिचं जुनं लुगडं वळणीवर वाळत होतं, ते तिथंच राहणार होतं. लावून उरलेले कंद मोठ्या मायनं कडुलिंबाखाली तरटावर पसरले. मग तिनं तरटाकडं पाठ केली आणि म्हशीकडं तोंड करून शिव्या द्यायला लागली. माय गेली, वाकली, मूठभर कंद पदरात घेतले आणि गाठ मारली. पाट लावून जाणारीनं या घरचं काही न्यायचं नाही हे खरं. पण कुणी न दिलेलं, कुणी न बघितलेलं, ते नेलं असं कोण म्हणणार? त्या दिवशी मोठी माय म्हशीला लई वेळ बोलत होती. म्हैस बिचारी रवंथ सोडून तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

मी करा घेऊन गाडीत जाऊन बसले होते. अगदी पुढं, मामाच्या पाठीशी. मामानं मला बघितलं आणि बैलांकडं तोंड केलं. माय आली.

"उतर कौसे."

"मी येणार हाय. ह्यो कऱ्यात हाय न्हवं."

 तिनं मला कऱ्यासकट उचललं, खाली उतरवलं आणि खळ्याच्या कडेला मोठी माय उभी होती तिच्यापुढं नेऊन ठेवलं. गुडघ्यावर बसून कऱ्यातली माती अंगठ्यानं दाबली. ती दाबलेलीच होती, तरी पुन्हा दाबली. मग उठली आणि पाठ करून उभी राहिली.

मला वाटलं आता ही गाडीत बसणार. पण ती हलेना. मोठी मायही हलेना. मामा कासरा धरून बसलेला.  शेवटी मोठ्या मायनं एका हातानं करा उचलला आणि दुसऱ्या हातानं मला कडेवर घेतलं. मी तेव्हा बोंब ठोकली. माझा आवाज जमिनीवरून उठून मोठ्या मायच्या खांद्यापाशी गेला, तेवढा ऐकून माय चालायला लागली.

मी तिला हाका मारल्या. माय, माय, घसा बसेपर्यंत. तिनं वळून बघितलं नाही. गाडी ओढ्यात उतरली, पलीकडं चढली, हिरवं लुगडं बाभळीआड गेलं. एकदाही नाही बघितलं.

त्या पाठीचा मला इतका राग आला की तो मला पुरून उरला. कुत्रीसुद्धा पिल्लाकडं मान वळवून बघते, असं मी मोठ्या मायला एकदा म्हणाले. तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला आणि मग स्वतःच चुलीपुढं बसून डोळे पुसले. धुरानं, म्हणाली. चूल पेटलेली नव्हती. आष्टीकडून कधी निरोप आला नाही. बीडच्या बाजारात आष्टीची माणसं यायची, लिंबागणेशला दर्शनाला यायची. कुणाच्या तोंडून एक शब्द नाही. कौसा कशी आहे, उंच झाली का, जेवते का. काही नाही. आष्टीचा माणूस दिसला की मोठी माय हातातलं काम टाकून दाराशी यायची, त्याचं सगळं बोलणं उभ्यानं ऐकायची आणि तो गेला की मटकन बसायची. मला वाटायचं, तिलाही माझ्यासारखाच राग येतो.

कऱ्यातल्या पिल्लानं पहिल्या साली नुसती पात काढली, गवतासारखी. दुसऱ्या भादव्यात एके सकाळी मोठी माय विहिरीकडून ओरडली, "आला गं, दांडा आला!" मी धावले. "माय, बघू, मला बघू," म्हणाले. 'मोठी' हा शब्द मधल्या मधे कुठं गळला, मला कळलंच नाही. ती कऱ्याशी वाकली होती ती तशीच वाकून राहिली. मी हाताला धरून ओढलं तेव्हा कुठं बाजूला झाली.

पुढं माझं लग्न झालं, नारायणगडाच्या बाजूला दिलं मला. निघताना करा माझ्याबरोबर आला, माझ्या मांडीवर. माझं गणित तसं बरोबरच होतं म्हणायचं. मडकं जायचंच होतं, फक्त माझ्या वेळेला.

त्याच साली कार्तिकी एकादशीला गडावर गेले. जत्रेत बांगड्यांच्या दुकानापाशी एक बाई माझ्याकडं बघत उभी होती. कडेवर मूल, केस कानापाशी पिकलेले. मी ओळखलं. जवळ गेले. हाक काय मारावी ते कळेना, म्हणून पाया पडले.

"मोट चालती का?" तिनं विचारलं.

"चालती."

"अक्काचं गुडघं?"

"दुखत्यात."

मग विहिरीला पाणी किती, शेवगा लागतो का, म्हैस तीच आहे की विकली, चुलत्यांचा खोकला, दर्ग्यावर पाटी कोण नेतं, सगळं विचारलं. बोलताना तिची नजर माझ्या कपाळावरून पायाच्या जोडव्यांपर्यंत फिरत होती. माझ्याबद्दल एक शब्द विचारला नाही. सुखी आहे का, सासू कशी आहे, काही नाही. शेवटी माझ्या हातात रेवड्यांची पुडी ठेवली आणि गर्दीत गेली.

दिवाळसणाला माहेरी गेले नव्हते, ती त्यानंतर गेले आणि मोठ्या मायपुढं सगळा राग ओतला. "सोताच्या लेकीला येक शबूद इचारला न्हाई! म्हशीचं इचारलं, माजं न्हाई! असली कसली माय?"

मोठी माय शेंगा फोडत होती. तिचे हात थांबले. माझ्याकडं बघितलं, वेड्या माणसाकडं बघतात तसं.

"आगं कौसे," ती म्हणाली, "दिलेल्या कंदाचं इचारतेत का कुठं?"

 माझ्या ओटीतल्या शेंगा खाली पडल्या.

"दर साली माज्या जिवाला घोर," ती पुढं म्हणाली, आणि तिचा तो मोठा आवाज इतका लहान झाला की मी तिच्या जवळ सरकले. "आष्टीचं मानूस आलं की मला वाटायचं, आज इचारलं आसंल तिनं. येकडाव जरी इचारलं आसतं तर मला तुला द्यावं लागलं आसतं. रीत हाय. कसं दिलं आसतं मी? पन तिकडं दुसऱ्याच्या लेकराला भाकरीबरोबर बोलणी खावी लागली आसती, ह्ये तिला ठावं हुतं. आन् माजी कूस रिकामी, ह्ये बी ठावं हुतं. पोटात किती आग पडली आसंल तिच्या. पन न्हाई इचारलं बघ. माज्यापाशी तुजा जीव धरावा म्हनून न्हाई इचारलं. मागं वळून न्हाई बघितलं."

माझ्या डोळ्यांपुढं ती सकाळ आली. पाठ करून उभी राहिलेली माय. न हलणारी. मला कुणीतरी उचललं हे कानांनी कळेपर्यंत थांबलेली. मी एवढी मळ्यातली पोर, शंभरदा ती रीत बघितलेली, आणि माझ्या स्वतःच्या बाबतीत मला ती दिसली नव्हती. मी मोठ्या मायच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि पोट भरून रडले. ती माझ्या डोक्यावर हात फिरवत होती आणि दावणीच्या म्हशीला शिव्या देत होती.

वर्षभर माझ्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. रीत देणारीला होती, तिनं विचारायचं नाही. रीत घेणारीला होती, तिनं आभार मानायचे नाहीत. पण कंदाला कुठली रीत? कंदानं बोलू नये असं कुणी सांगितलं होतं?

पुढल्या कार्तिकीला मी कऱ्यातल्या गुलछबूचे उशिरा आलेले दांडे ओल्या फडक्यात बांधले आणि गडावर गेले. तिला शोधत फिरले. ती तिथंच होती, बांगड्यांच्या दुकानापाशी, जणू मागच्या सालापासून हललीच नव्हती. मला बघून तिनं तोंड उघडलं. "मोट चालती का?"

मी फडकं सोडलं आणि दांडे तिच्यापुढं धरले.

"माय," मी म्हटलं, "कऱ्यातला लागला बघ. दर साली फुलतोय. अक्कानं लई जीव लावून वाढवला."

 तिनं दांड्यांकडं बघितलं. तिचं तोंड वेडंवाकडं झालं, तिनं पदर तोंडाशी नेला आणि झटकन माझ्याकडं पाठ केली. तीच पाठ. लुगडं वेगळं, खांदे जरा वाकलेले, पण तीच.

लहान होते तेव्हा त्या पाठीपुढं माझं काही चाललं नव्हतं, कुणाच्या तरी कडेवर होते मी. आता माझे पाय जमिनीवर होते. मी वळसा घालून गेले आणि तिच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिले. तिनं पदर खाली केला आणि मला पोटभर बघून घेतलं.